‘विक्रांत’ : जखमी बाष्पकांवर लढलेली विमानवाहू नौका

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. १९७१ मध्ये त्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची ती आठवण असते. त्याच दिवशी सकाळी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगालच्या उपसागरातील एका नौकेवरून आठ ‘सी हॉक’ विमाने कॉक्स बाजारच्या धावपट्टीकडे झेपावली होती, याचा मात्र अनेकांना विसर पडतो. ती नौका म्हणजे मुंबईकरांच्या परिचयाची ‘आयएनएस विक्रांत’. भारतीय आरमाराच्या इतिहासात विमानवाहू नौकेने प्रत्यक्ष युद्धात विमाने लढविण्याचा हा पहिला प्रसंग होता. आणि ही नौका तेव्हा पूर्ण वेगाने धावण्याच्याही स्थितीत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौकांचे ढोबळमानाने तीन प्रकार होते. मुख्य ताफ्याबरोबर राहणाऱ्या प्रचंड आणि वेगवान नौका हा पहिला. व्यापारी जहाजांच्या सांगाड्यावर घाईने उड्डाणफलाट चढवून तयार केलेल्या छोट्या संरक्षक विमानवाहू नौका हा दुसरा. मालवाहू जहाजांच्या तांड्यांना पाणबुड्यांपासून वाचविणे हे या दुसऱ्या प्रकाराचे काम. त्या संथ आणि नाजूक होत्या, पण अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांना आवर घालण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हिंदी महासागरातही त्या वावरल्या. ब्रिटिशांच्या ‘बॅटलर’ या अशाच नौकेच्या विमानांनी मार्च १९४४ मध्ये ‘ब्राके’ हे जर्मन पाणबुड्यांना इंधन पुरविणारे जहाज हुडकून काढले आणि ‘रोबक’ या विनाशिकेने ते संपविले. या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे हलक्या विमानवाहू नौका. झटपट बांधता याव्यात म्हणून त्यांच्या बांधणीत व्यापारी जहाजांचे निकष बऱ्याच अंशी वापरण्यात आले. युद्ध संपेपर्यंत किंवा फार तर तीनेक वर्षे त्या टिकाव्यात, एवढीच अपेक्षा होती.

‘विक्रांत’ या तिसऱ्या प्रकारातली. तिचे मूळ नाव ‘हर्क्युलिस’. इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीच्या गोदीत १४ ऑक्टोबर १९४३ रोजी तिची बांधणी सुरू झाली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले. तोवर जपानने शरणागती पत्करली होती. ज्या युद्धासाठी ती बांधली, ते युद्धच संपले. काम थांबले आणि अर्धवट सांगाडा दहा वर्षे तसाच पडून राहिला. जानेवारी १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत उरलेले काम झाले. तिरका उड्डाणफलाट आणि बाष्पशक्तीवर चालणारे प्रक्षेपक यंत्र या त्या काळच्या नव्या सोयी बसविण्यात आल्या. ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधील भारतीय उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे तिचे पहिले कप्तान. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिले जेट विमान उतरविले. पुढे तेच नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी नौका मुंबईत पोहोचली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू हजर होते. पुढच्याच महिन्यात गोवामुक्तीच्या कारवाईत ती पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रात पहारा देत होती. प्रत्यक्ष हल्ला करण्याची वेळ तिच्यावर आली नाही.

१९६५ च्या युद्धाची आठवण नौदलाला सुखाची नव्हती. ‘विक्रांत’ तेव्हा दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. ती बुडविल्याची आवई पाकिस्तानने उठविली. ती खोटी ठरली, पण देशाची सर्वांत महागडी युद्धनौका युद्धकाळात बंदराबाहेर पडली नाही ही गोष्ट खरीच होती. एवढा खर्च करून हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला, अशी कुजबुज सुरू झाली. १९७१ मध्ये घेतलेल्या धोक्यामागे या सलाचा हात किती मोठा होता, हे पुढे दिसते.

जून १९७० मध्ये नौकेच्या बाष्पकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या पाण्याच्या पिंपांना चिरा गेल्याचे आढळले. त्या सांधण्याजोग्या नव्हत्या. बदली पिंपे भारतात मिळेनात, म्हणून ब्रिटनकडे मागणी नोंदविण्यात आली आणि तोवर बाष्पक पेटवू नयेत असा आदेश निघाला. सात महिने नौका मुंबईत जवळजवळ निपचित पडून होती. दरम्यान, मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी दडपशाही सुरू झाली, निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले आणि युद्ध अटळ दिसू लागले. नवी पिंपे मात्र आली नव्हती.

नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांच्यापुढे पेच होता. नादुरुस्त नौका लढाईत पाठवावी आणि ती बुडाली, तर देशाच्या मनोधैर्याला बसणारा धक्का मोठा. ती बंदरात ठेवावी, तर नौदलाच्या विमानदलाचे भवितव्यच संपल्यासारखे. पश्चिम ताफ्याचे मोहीम अधिकारी कॅप्टन गुलाब मोहनलाल हिरानंदानी यांनी स्पष्ट मत दिले : एकही विमान उडाले नाही तरी चालेल, पण ‘विक्रांत’ समुद्रात दिसली पाहिजे. हेच हिरानंदानी पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल आणि नौदलाचे इतिहासकार झाले. नंदांनी हा सल्ला मानला.

चारपैकी तीन बाष्पक वापरायचे, तेही कमी दाबावर, असे ठरले. त्यांच्याभोवती पोलादी पट्ट्यांचे कडे आवळण्यात आले. वाफेची गळती वेळीच दिसावी म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसविण्यात आल्या. बाष्पक फुटलाच तर खाली काम करणाऱ्या खलाशांची काय गत होईल, हे सर्वांना ठाऊक होते. या युद्धातील शौर्याच्या कहाण्या वैमानिकांच्या नावाने सांगितल्या जातात. बाष्पकक्षातल्या माणसांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. जूनअखेर चाचण्या पूर्ण झाल्या. मूळ २४-२५ नॉट वेगाच्या नौकेला १४ नॉटची, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली.

वेगाचा प्रश्न केवळ पळण्याचा नव्हता. विमानवाहू नौकेची धावपट्टी जेमतेम दोनशे मीटरची. विमान उडविताना किंवा उतरविताना नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करते आणि वेग घेते. नौकेचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज विमानाला आधार देते. वारा पडलेला असेल तर सारी भिस्त नौकेच्या वेगावर. तोच निम्म्यावर आलेला. प्रक्षेपक यंत्र विमानाला पुढे भिरकावते हे खरे, पण उतरताना मात्र शेपटीखालचा आकडा फलाटावरच्या तारेत अडकेपर्यंत वैमानिकाला कमीत कमी वेगात विमान तोलून धरावे लागते. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ‘अलिझे’ या फ्रेंच बनावटीच्या विमानांना तर हवेत तरंगण्याच्या किमान वेगाच्या जेमतेम वर राहून उतरावे लागणार होते. त्यांचे वजन कमी करून हा प्रश्न सोडविण्यात आला. कप्तान स्वराज प्रकाश यांचा आग्रह होता की उड्डाणे झालीच पाहिजेत. वैमानिकांना नुसते बसवून ठेवले तर त्यांचे मनोबल खचेल. मुख्यालय वेगमर्यादेवर ठाम राहिले आणि अखेर ‘सी हॉक’ची तुकडी व काही ‘अलिझे’ नौकेवर चढली.

२३ जुलै १९७१ रोजी ‘विक्रांत’ने मुंबई सोडली. कोचीमार्गे ती मद्रासला आणि पुढे पूर्व किनाऱ्यावर गेली. तिच्यासोबत राहणाऱ्या नौका मोजक्याच होत्या : ‘ब्रह्मपुत्रा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट, ‘कामोर्टा’ आणि ‘कवरत्ती’ या सोव्हिएत बनावटीच्या पाणबुडीविरोधी नौका. त्यांतल्या ‘कवरत्ती’वर पाण्याखालचा शोध घेणारी सोनार यंत्रणा नव्हती, म्हणजे बाकीच्या तिघींना ‘विक्रांत’च्या पाच-दहा मैलांच्या आत राहणे भागच होते. ताफ्यात ‘खांदेरी’ ही पाणबुडीही होती. अलिबागसमोरच्या शिवकालीन जलदुर्गाचे नाव तिला दिलेले होते. १ नोव्हेंबरला या नौकांचा पूर्व ताफा औपचारिकरीत्या स्थापन झाला. रिअर अ‍ॅडमिरल एस. एच. सर्मा हे त्याचे प्रमुख.

या रक्षक नौकांच्या दोन कप्तानांची महाराष्ट्राला विशेष ओळख आहे. ‘कामोर्टा’चे मनोहर प्रल्हाद अवटी पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल झाले, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी स्थायिक झाले आणि शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या नौदलाच्या मोहिमेचे प्रेरणास्थान ठरले. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ती प्रदक्षिणा पूर्ण केली. ‘बियास’चे लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म माटुंग्याचा, नौदलप्रमुखपदावरून निवृत्त झाल्यावर ते अलिबागजवळच्या भायमळा गावी राहिले आणि भारत-पाक शांततेसाठी काम केल्याबद्दल २००४ मध्ये मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी ठरले. १९७१ च्या कामगिरीसाठी दोघांनाही वीरचक्र मिळाले. अवटी २०१८ मध्ये आणि रामदास २०२४ मध्ये निवर्तले.

‘गाझी’चा पाठलाग

‘विक्रांत’ पूर्वेला गेल्याचे पाकिस्तानला कळले. तिच्या मागावर जाऊ शकेल अशी लांब पल्ल्याची एकच पाणबुडी त्यांच्याकडे होती : अमेरिकेने दिलेली ‘गाझी’. १४ नोव्हेंबरला ती कराचीहून निघाली. आदल्याच दिवशी भारतीय ताफा अंदमानकडे रवाना झाला होता. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानातल्या एका निर्जन नांगरवाड्यावर दडविले आणि ती मद्रास-विशाखापट्टणमच्या परिसरातच असल्याचा देखावा उभा केला. विशाखापट्टणमच्या कंत्राटदारांकडे मोठ्या ताफ्याला पुरेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदविण्यात आली. ‘राजपूत’ ही मोडीत निघायला आलेली जुनी विनाशिका बाहेर समुद्रात पाठवून तिच्यावरून विमानवाहू नौकेला शोभेल इतका संदेशांचा भडिमार करण्यात आला. नौकेवरील एका खलाशाच्या आजारी आईची चौकशी करणारी साधी, सांकेतिक नसलेली तारही मुद्दाम पाठविली गेली.

‘गाझी’ विशाखापट्टणमला आली, पण तिचे सावज तेथे नव्हते. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बंदराबाहेर मोठा स्फोट झाला आणि नव्वदहून अधिक नौसैनिकांसह ती उथळ पाण्यात बुडाली. ‘राजपूत’ने टाकलेल्या, खोल पाण्यात फुटणाऱ्या स्फोटक पिंपांनी तिचा घात झाला ही भारतीय बाजू, तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगाचा किंवा तिच्याच पोटातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला ही पाकिस्तानी बाजू. हा वाद मिटलेला नाही. पण कारण कोणतेही असो, ती विशाखापट्टणमपर्यंत आली ती ‘विक्रांत’च्या शोधात, आणि तिला चकविण्याची योजना साधली होती, याबद्दल दुमत नाही.

४ डिसेंबरच्या सकाळी किनाऱ्यापासून सुमारे ६० सागरी मैलांवरून आठ ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर पहिला हल्ला चढविला. त्याच दिवशी दुपारनंतर चितगाव बंदर लक्ष्य झाले. ‘व्हाइट टायगर्स’ या ३०० क्रमांकाच्या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता करीत होते. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला आणि चालना येथील नौका, धक्के आणि नदीमुखातली वाहतूक यांवर मारा झाला. ‘अलिझे’ विमाने पहारा देत आणि बॉम्बफेकही करीत. ताफ्यातील इतर नौका १८ हजार चौरस मैलांच्या टापूत प्रत्येक जहाज अडवून तपासत होत्या. १४ डिसेंबरला ‘सी हॉक’नी चितगावच्या लष्करी छावणीवर हल्ला केला, विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून त्यांना जावे लागले. त्यानंतर नौकेवरचा इंधनसाठा पाव हिश्श्याहूनही खाली आला आणि ती पारादीपला गेली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

या यशाचे मोजमाप करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी हवाई दलाची एकच लढाऊ तुकडी होती आणि ढाक्याची धावपट्टी उद्ध्वस्त करून भारतीय हवाई दलाने ती पहिल्या काही दिवसांतच जमिनीवर जखडली. ‘सी हॉक’ हे विमान तेव्हा जुने झाले होते. ‘सेबर’ विमानांशी गाठ पडली असती तर चित्र वेगळे दिसले असते. पश्चिमेकडे तीन ‘डॅफ्ने’ पाणबुड्यांच्या टापूत १४ नॉट वेगाची नौका पाठविणे तर आत्मघातच ठरला असता. त्यांपैकीच एकीने ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ बुडविली. म्हणजे ‘विक्रांत’ला तिच्या दुबळेपणाला झेपेल असे रणक्षेत्र निवडून देण्यात आले, आणि नंदा-कृष्णन यांचे खरे कौशल्य याच निवडीत आहे. समुद्रमार्गे सैन्य हलविण्याचा किंवा रसद आणण्याचा पाकिस्तानी सेनेचा रस्ता मात्र तिने आणि तिच्या सोबतिणींनी बंद केला. कप्तान स्वराज प्रकाश आणि गुप्ता यांना महावीरचक्र, तर नौकेशी संबंधित बारा जणांना वीरचक्र देण्यात आले.

दारूखाना

युद्धानंतर ‘विक्रांत’ आणखी पाव शतक सेवेत राहिली. तीन वर्षांच्या हिशेबाने बांधलेली ही नौका छत्तीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय करावे असे ठरले. २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि असंख्य शाळकरी मुलांनी तिचा फलाट पायी तुडविला. मात्र संग्रहालय कायमस्वरूपी चालविण्यासाठी राज्य शासनाला भागीदार सापडला नाही, सांगाडा गंजत गेला आणि २०१२ मध्ये धोकादायक म्हणून तिची दारे बंद झाली. जानेवारी २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण लिलाव कायम राहिला. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिची मोडतोड सुरू झाली.

तिच्या पोलादाचा काही भाग बजाज कंपनीने घेतला आणि २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलींत तो वापरला. त्याच वर्षी २५ जानेवारीला मुंबईच्या नौदल गोदीबाहेर, लायन गेटजवळच्या चौकात, नौकेच्या धातूपासून घडविलेले छोटे स्मारक उभे राहिले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. नाव तेच, आणि कड्यावर रंगविलेला क्रमांकही जुन्या नौकेचाच : आर ११.