पायाखालचा सूत्रधार : मिडी फूट कंट्रोलर निवडताना

गाण्याचा मुखडा संपत आलेला असतो. अंतरा सुरू होण्याआधी जेमतेम एक-दोन मात्रा उरलेल्या असतात. गिटारवादकाचे दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात आणि नेमक्या याच क्षणी वाद्याचा ध्वनी बदलायला हवा असतो. हात मोकळे नसतात, मोकळा असतो तो फक्त पाय. वाद्यवादनात पायाला काम देण्याची कल्पना तशी जुनीच आहे. पियानोला पायपट्ट्या असतात, चर्चमधील मोठ्या ऑर्गनला पायांनी वाजवायची स्वतंत्र स्वरपट्टी असते, आणि पायाने भाता चालवून वाजवायचे ऑर्गन तर मराठी संगीत रंगभूमीच्या रसिकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. मिडी फूट कंट्रोलर हा याच परंपरेतील आधुनिक पाईक. मात्र त्याची निवड चुकली, तर ती चूक घरी नव्हे, भर कार्यक्रमात श्रोत्यांसमोर उघडी पडते.

आज्ञांची भाषा

मिडी म्हणजे ध्वनी वाहून नेणारी व्यवस्था नव्हे. ती आज्ञा वाहून नेणारी भाषा आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील 'नॅम' या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड या दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले आणि या भाषेचा सार्वजनिक प्रवास सुरू झाला. तिच्या जडणघडणीसाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

फूट कंट्रोलरच्या दृष्टीने या भाषेतील दोन आज्ञा महत्त्वाच्या. पहिली 'प्रोग्राम चेंज'. ही आज्ञा मिळताच समोरचे यंत्र आपली संपूर्ण ध्वनिरचना बदलते. दुसरी 'कंट्रोल चेंज'. ही रचना तीच ठेवून तिच्यातील एखादीच गोष्ट बदलते. उदाहरणार्थ, ७ हा क्रमांक आवाजाच्या पातळीचा, ११ हा एक्स्प्रेशनचा, तर ६४ हा सस्टेन पेडलचा. या आज्ञा १६ चॅनलांपैकी कोणत्याही एका चॅनलवरून जातात. पाठवणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे चॅनल जुळले नाही, तर यंत्र आज्ञेकडे सरळ दुर्लक्ष करते.

आधी यादी, मग खरेदी

दुकानात गेल्यावर नजर प्रथम बटणांच्या संख्येकडे जाते. वास्तविक पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. कार्यक्रमात पायाने नेमकी कोणती कामे करायची आहेत? आपल्या गाण्यांची यादी समोर ठेवून प्रत्येक गाण्यात कुठे, काय बदलते हे वादकाने कागदावर उतरवले, की निम्मी निवड तिथेच होते.

मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर वापरणाऱ्या गिटारवादकाला ध्वनिरचना बदलणे आणि इको किंवा डिस्टॉर्शन चालू-बंद करणे, ही दोन्ही कामे लागतात. लॅपटॉपवर मेनस्टेजसारखे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कीबोर्डवादकाला बहुधा 'पुढचा' आणि 'मागचा' अशी दोनच बटणे व एक पायपट्टी पुरते. आपल्याच आवाजाचे थर रचत गाणाऱ्या गायकाला मात्र रेकॉर्ड, थांबा आणि पुसा या आज्ञा ठेक्यावर अचूक द्याव्या लागतात. त्याच्यासाठी बटणे कमी, पण मोठी आणि दूर दूर असणे श्रेयस्कर. समोरचे यंत्र कोणत्या आज्ञा ओळखते, हेही त्याच्या माहितीपुस्तिकेत आधीच पाहून घ्यावे. यंत्राला न कळणारी आज्ञा कितीही महागड्या कंट्रोलरने पाठवली तरी ती व्यर्थच.

जोडणीचे मर्म

फसगत सर्वाधिक होते ती येथे. जुन्या आणि अनेक नव्या यंत्रांवर पाच पिनांचे गोल मिडी सॉकेट असते. त्याची तार १५ मीटरपर्यंत नेता येते. यूएसबीमध्ये मात्र एक बाजू यजमानाची आणि दुसरी पाहुण्याची असावी लागते. कॉम्प्युटर हा यजमान असल्याने यूएसबी कंट्रोलर त्याला सहज जोडता येतो. पण केवळ यूएसबी असलेला कंट्रोलर थेट इफेक्ट्स प्रोसेसरला जोडू पाहिल्यास दोन्ही बाजू पाहुण्याच निघतात आणि संवादच होत नाही. अशा वेळी मध्ये स्वतंत्र यजमान-यंत्र लागते.

काही छोट्या यंत्रांवर हेडफोनसारखे ३.५ मिलिमीटरचे मिडी सॉकेट असते. त्याच्या अंतर्गत जोडणीचे 'टाइप ए' आणि 'टाइप बी' असे दोन प्रकार प्रचलित होते. २०१८ मध्ये 'टाइप ए' प्रमाण ठरला, तरी त्याआधीच्या यंत्रांबाबत खात्री करून घेणे भाग आहे. ब्लूटूथ कंट्रोलरने तारांचा गुंता सुटतो, पण बॅटरी आणि आसपासच्या बिनतारी लहरींची चिंता मागे लागते. महत्त्वाच्या कार्यक्रमात तारेचा पर्याय हाताशी असावा.

बटणे किती हवीत?

बेहरिंगरच्या एफसीबी१०१० या प्रसिद्ध कंट्रोलरचे उदाहरण बोलके आहे. त्यावर क्रमांकाची दहा बटणे व दोन पायपट्ट्या आहेत, आणि दहा बँकांत मिळून १०० रचना साठवता येतात. एका बटणाने पाचपर्यंत प्रोग्राम चेंज आणि दोन कंट्रोल चेंज पाठवता येतात. म्हणजेच एका पावलात अनेक यंत्रे हलवता येतात. ही मोठीच सोय. पण बँक बदलायची म्हणजे एकाऐवजी दोन-तीनदा पाय उचलावा लागतो, आणि आपण कोणत्या बँकेत आहोत हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून एका गाण्याला लागणारी सर्व कामे एकाच बँकेत मावावीत, इतकी बटणे पुरेशी समजावीत. त्याहून अधिक बटणे म्हणजे अधिक जागा, अधिक वजन आणि चुकीच्या बटणावर पाय पडण्याची अधिक शक्यता. लहान रंगमंचावर तर अंथरूण पाहूनच पाय पसरलेले बरे.

बटणाचा स्वभावही तपासावा. एका प्रकारात एकदा दाबले की काम चालू आणि पुन्हा दाबले की बंद होते. दुसऱ्यात पाय दाबून धरला तोवरच काम चालू राहते. सस्टेनला दुसरा प्रकार हवा, इकोला बहुधा पहिला. प्रत्येक बटणाचा स्वभाव स्वतंत्रपणे ठरवता येणारा कंट्रोलर उत्तम.

पायपट्टी आणि सातत्य

आवाज हळूहळू वाढवणे किंवा 'वा-वा' परिणाम साधणे हे बटणाचे काम नव्हे. त्यासाठी एक्स्प्रेशन पेडल लागते. ते कंट्रोलरमध्येच नसेल, तर बाहेरून जोडण्याची सोय आहे का ते पाहावे. सर्व कंपन्यांच्या पेडलांची अंतर्गत जोडणी सारखी नसते. त्यामुळे पेडल कंट्रोलरला जोडून, ० ते १२७ हा संपूर्ण पल्ला मिळतो याची खातरजमा करूनच ते घ्यावे.

येथे वादकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : ध्वनी बदलताना मध्ये खंड पडतो. दोष मिडीच्या वेगाचा नसतो. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे एक कंट्रोल चेंज पोहोचायला सुमारे एक सहस्रांश सेकंद पुरतो. वेळ लागतो तो समोरच्या यंत्राला नवी ध्वनिरचना उभी करायला. म्हणून गाण्याच्या मध्ये प्रोग्राम चेंज टाळून, एकाच रचनेतील घटक कंट्रोल चेंजने चालू-बंद करणे अधिक सुरक्षित.

अंधार, वीज आणि दिवे

रंगमंचावर प्रकाश वादकाच्या पायाशी क्वचितच असतो. उभे राहून वाचता येतील असे आकडे, ठळक दिवे आणि पाय घसरणार नाही असा भक्कम तळ या गोष्टी शोभेच्या नाहीत. कंट्रोलरचा दिवा कधी कधी फसवतोही. इको हाताने बंद केला, तर कंट्रोलरवर तो चालूच दिसू शकतो. यंत्राकडून परत माहिती घेणारी दुहेरी जोडणी असेल, तरच दिवा खरी स्थिती दाखवतो.

विजेचा विचारही आधीच करावा. यूएसबी कंट्रोलरला कॉम्प्युटरकडून वीज मिळते. पाच पिनांच्या नेहमीच्या जोडणीतून मात्र कंट्रोलर चालेल एवढी वीज मिळत नाही, त्यामुळे स्वतंत्र अडॅप्टर लागतो. तो हरवल्यास योग्य व्होल्टेजचा दुसरा मिळेल का, हा प्रश्न परगावच्या दौऱ्यात फार मोलाचा ठरतो.

रंगीत तालीम अटळ

खरेदीपूर्वी शक्य असल्यास आपलेच यंत्र दुकानात नेऊन जोडून पाहावे. एक छोटीशी गोम ध्यानात असू द्यावी. काही यंत्रे प्रोग्राम ० पासून मोजतात, काही १ पासून. परिणामी पाचवे बटण दाबले तर सहावी रचना सुरू होते. जुळवणी पूर्ण झाली की तिची प्रत कॉम्प्युटरवर जतन करावी. त्यानंतर संपूर्ण कार्यक्रम उभ्याने, मंद प्रकाशात आणि कार्यक्रमात घालायचीच पादत्राणे घालून वाजवून पाहावा. या तालमीत वादकाला पायाकडे पाहावे लागले नाही, तर निवड योग्य झाली असे खुशाल समजावे. सूत्रधाराने पडद्यामागे राहावे आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचावे ते केवळ गाणे.