पूर आणि सरकारी निधी : तिजोरीपासून गावापर्यंतचा मार्ग

पूर ओसरला की गावात प्रथम येतो तो पंचनामा. घराच्या भिंतीवरील पाण्याची रेघ, शेतात साचलेला गाळ, दावणीला दगावलेली जनावरे यांची नोंद होते आणि त्या नोंदीवरून मदतीची रक्कम ठरते. ही रक्कम कोणत्या निधीतून येते, तिचे दर कोण ठरवते आणि पूर येण्यापूर्वीच्या तयारीसाठी वेगळा पैसा असतो का, या प्रश्नांची उत्तरे मात्र पूरग्रस्तांना सहसा मिळत नाहीत.

देशातील सध्याच्या व्यवस्थेचा पाया आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा आहे. त्याच्या कलम ४६ ते ४८ मध्ये दोन प्रकारच्या निधींची तरतूद आहे. आपत्ती कोसळल्यानंतरच्या खर्चासाठी प्रतिसाद निधी आणि आपत्तीची तीव्रता आधीच कमी करण्यासाठी सौम्यीकरण निधी. प्रतिसाद निधी राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर २०१० पासून कार्यरत आहेत. राष्ट्रीय सौम्यीकरण निधी प्रत्यक्षात येण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. कायद्यातील एका कलमाला सोळा वर्षे वाट पाहावी लागली आणि त्या काळात सरकारी पैसा मुख्यत्वे पूर येऊन गेल्यावरच खर्च होत राहिला.

एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने ही रचना बदलली. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीकरिता एकूण १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांपैकी १,२२,६०१ कोटी केंद्राचे व उर्वरित राज्यांचे. सर्वसाधारण राज्यांत केंद्राचा वाटा ७५ टक्के, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९० टक्के आहे. एकूण रकमेतील ४० टक्के तातडीच्या मदतीसाठी, ३० टक्के पुनर्उभारणीसाठी, १० टक्के सज्जता व क्षमताबांधणीसाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी राखून ठेवण्यात आले. सौम्यीकरणाचा पैसा प्रतिसादाकडे वळवता येत नाही, ही त्यातील कळीची अट. एरवी पहिल्याच मोठ्या पुरात तो मदतवाटपात विरून गेला असता.

राज्याचा निधी अपुरा पडला आणि आपत्ती गंभीर स्वरूपाची असली, तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून साहाय्य मिळते. (बोलीभाषेत ‘एनडीआरएफ’ म्हटले की केशरी गणवेशातील बचाव दल डोळ्यांसमोर येते, निधीचे आद्याक्षरी नावही तेच असल्याने ‘एनडीआरएफचे निकष’ या शब्दप्रयोगाने अनेकांचा गोंधळ होतो.) त्यासाठी राज्य शासन केंद्राला निवेदन सादर करते, आंतरमंत्रालयीन पथक पाहणी करते, राष्ट्रीय कार्यकारी समितीची उपसमिती अहवाल तपासते आणि केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती रक्कम मंजूर करते. राज्याच्या निधीत १ एप्रिल रोजी शिल्लक असलेल्या रकमेचा निम्मा भाग त्यातून वजा होतो. केंद्राने मंजूर केलेली आणि राज्याच्या हाती पडलेली रक्कम यांत दिसणाऱ्या तफावतीचे, आणि त्यावरून दरवर्षी रंगणाऱ्या राजकीय वादाचे, हे एक प्रमुख कारण होय.

मदतीचे दर केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांनुसार मृताच्या वारसास ४ लाख रुपये, सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरास १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. ३३ टक्के किंवा त्याहून अधिक हानी झालेल्या जिरायती पिकास हेक्टरी ८,५००, बागायती पिकास १७,००० आणि बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. दुभत्या गाय-म्हशीसाठी ३७,५०० रुपये आहेत. ही रक्कम नुकसानभरपाई नसून केवळ मदत आहे, असे निकषांत स्पष्ट म्हटले आहे. हा भेद कागदावर सोपा वाटतो; उभे पीक गमावलेल्या शेतकऱ्याला तो पचवणे कठीण जाते. राज्ये स्वतःच्या तिजोरीतून अधिक देऊ शकतात. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२२ मध्ये त्या वेळच्या दराच्या दुप्पट, म्हणजे जिरायतीसाठी हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरपर्यंत देण्याचा निर्णय घेतला होता.

मदत आणि गरज यांतील अंतर केरळच्या २०१८ मधील महापुरात ठळकपणे दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने झालेल्या पाहणीत पुनर्उभारणीचा खर्च सुमारे ३१,००० कोटी रुपये काढण्यात आला. राष्ट्रीय निधीतून अतिरिक्त साहाय्य मंजूर झाले ते ३,०४८ कोटी ३९ लाख रुपयांचे. तो निधी मुळात पुनर्उभारणीसाठी नव्हताच. त्यानंतर केरळने आणखी एक पाऊल उचलले आणि त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. तेथील ग्रामपंचायती व नगरपालिकांनी आपापले स्थानिक आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार केले. कोणत्या वाडीत प्रथम पाणी शिरते, अंथरुणाला खिळलेले रुग्ण कोणत्या घरात आहेत, निवारा कोणत्या शाळेत उघडायचा, ही माहिती जिल्हाधिकारी कार्यालयापेक्षा गावाकडेच अधिक असते.

या पातळीवर पैशाची वाट अरुंद होते. कायद्यात जिल्हा निधीचीही तरतूद आहे. परंतु वित्त आयोगाने रकमा राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच नेमून दिल्या. जिल्ह्याला किती द्यायचे हे राज्य ठरवते आणि ग्रामपंचायतीच्या नावाने त्यात स्वतंत्र हिस्सा नाही. ग्रामपंचायतीला उपलब्ध असलेला दुसरा मार्ग म्हणजे वित्त आयोगाचे ग्रामीण स्थानिक संस्थांसाठीचे अनुदान. पाच वर्षांसाठीच्या या २,३६,८०५ कोटी रुपयांतील ६० टक्के पाणी व स्वच्छतेच्या कामांशी बांधलेले आहेत. उरलेल्या ४० टक्क्यांतून, वेतन वगळता, स्थानिक गरजेची कामे घेता येतात. नाल्याचा गाळ काढणे, मोरी रुंद करणे अशी कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात नोंदवली, तर त्यांना येथून पैसा मिळू शकतो. आराखड्यात त्यांची नोंद नसेल, तर पैसा असूनही तो खर्च करता येत नाही.

माणसे तयार करण्याचे काम ‘आपदा मित्र’ योजनेतून होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये पूरप्रवण ३० जिल्ह्यांत, प्रत्येकी २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवकांपासून सुरुवात केली. पुढे ३६९ कोटी ४१ लाख रुपये खर्चून ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. प्रशिक्षणासोबत त्यांना बचावसाहित्याचा संच आणि विमा दिला जातो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांनी प्राण गमावले. पुराच्या पहिल्या तासांत बाहेरचे पथक पोहोचण्यापूर्वी गावकरीच गावकऱ्यांना वाचवतात. त्या वेळी बोट कोण चालवतो आणि तिच्यात किती जण बसतात यावर सारे अवलंबून असते.

सौम्यीकरण निधीचा मोठा वापर आजवर शहरांसाठी झाला आहे. आयोगाने सात महानगरांतील पूरनियंत्रणासाठी २,५०० कोटी रुपये सुचवले. मुंबई, चेन्नई व कोलकात्याला प्रत्येकी ५००, तर बंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद व पुण्याला प्रत्येकी २५० कोटी. पहिला प्रकल्प डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईसाठी, ५६१ कोटी २९ लाखांचा, मंजूर झाला. ग्रामीण भागातील लक्षणीय उदाहरण आसामचे आहे. तेथे ‘बील’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नैसर्गिक पाणथळींपैकी नऊ जिल्ह्यांतील २४ बीलांच्या पुनरुज्जीवनासाठी ६९२ कोटी ५ लाखांचा प्रकल्प २०२५ मध्ये मान्य करण्यात आला. बंधारे अधिकाधिक उंच करण्याऐवजी पुराचे पाणी साठवणाऱ्या जागा परत मिळवण्याचा हा मार्ग आहे.

आसाममध्येच या व्यवस्थेतील सर्वांत जुनी उणीवही दिसते. केंद्राच्या मदतीस पात्र असलेल्या बारा अधिसूचित आपत्तींत पूर आहे, भूस्खलन आहे. नदीच्या पात्राने होणारी किनाऱ्याची धूप मात्र नाही. राज्य शासनाच्या आकडेवारीनुसार १९५० पासून आसामने ४ लाख २७ हजार हेक्टर जमीन धुपीमुळे गमावली आहे. पुरात बुडालेले शेत पाणी ओसरल्यावर पुन्हा दिसते. ब्रह्मपुत्रेने गिळलेले शेत परत येत नाही आणि ज्याच्या नावे सातबारासारखा उतारा आहे, त्याच्याकडे दाखवायला जमीनच उरत नाही. माजुली बेटावरील आणि पश्चिम बंगालच्या मालदा व मुर्शिदाबाद जिल्ह्यांतील कुटुंबांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. पंधराव्या आयोगाने प्रथमच धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये राष्ट्रीय निधींतून वेगळे काढले.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांसाठीच्या निधीवाटपाची जबाबदारी अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या वित्त आयोगावर सोपवण्यात आली. दरम्यान, २०२५ मधील दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. ग्रामपंचायतींसाठी तशी तरतूद या दुरुस्तीत नाही.