साखळीतले दुवे

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरातल्या सोड्यापुरता. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि डोक्यात भुंगा शिरला.

भाच्याने बागेत हापूसची नवी कलमं लावली. खड्ड्यात शेणखताबरोबर साखरेसारखे पांढरे दाणेही टाकले. मी विचारलं, "हे रे काय?" तर म्हणाला, "मावशी, हे पाणी धरून ठेवतात." मूठभर दाणे त्याने बादलीत टाकून दाखवले. थोड्या वेळाने पाहते तो काय, दाण्यांची काचेसारखी लुसलुशीत ढेकळं झालेली!

आपल्या रत्नागिरीला याचं अप्रूप वाटणारच. आषाढात आभाळ फाटतं आणि वैशाखात वाड्यांवर टँकर येतो. जांभा पाणी धरत नाही. म्हणून या दाण्यांची चौकशी केली आणि पोचले थेट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये. डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे असाच पाणी पिणारा पदार्थ तयार केला होता. त्याचं नाव 'जलशक्ती'.

हे दाणे म्हणजे पॉलिमर. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं बहुवारिक. लहान लहान रेणू एकमेकांचे हात धरून हजारोंनी उभे राहतात आणि त्यांची लांबच लांब साखळी होते. हे हरमान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडलं, तेव्हा भल्याभल्यांना ते पटलं नव्हतं. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ साली.

पाणी पिणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या मधूनमधून एकमेकींना टाके घालून जोडलेल्या असतात. साखळीवर विद्युतभार असलेले गट असतात. पाणी आत शिरलं की ते गट एकमेकांना दूर लोटतात आणि जाळं फुगतं. टाके असल्यामुळे मात्र ते विरघळून जात नाही. स्वतःच्या वजनाच्या शंभरपट आणि त्याहूनही अधिक गोडं पाणी असा पदार्थ धरतो. खाऱ्या पाण्यात त्याची ताकद फार कमी होते. खाडीकाठच्या बागवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

असो. मला रस वाटला तो माणसांच्या साखळीत.

माशेलकरांचा जन्म १९४३ सालचा, गोव्यातल्या माशेल गावचा. वडील लहानपणीच गेले. आई त्यांना घेऊन मुंबईत आली आणि कष्टाची कामं करून तिने मुलाला मराठी माध्यमातून शिकवलं. गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सर होते. त्यांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला. किरण एका ठिकाणी आणले तर कागद पेटतो, तसंच मनाचंही, असं त्यांनी सांगितलं. पुढे जगभर मान मिळाल्यावरही माशेलकर हा प्रसंग सांगत आले आहेत.

दुसरा दुवा मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातला, म्हणजे माटुंग्याच्या यूडीसीटीतला. केंब्रिजहून परतलेले डॉ. मनमोहन शर्मा १९६४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले. माशेलकर त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९६९ साली पीएचडी झाल्यावर ते इंग्लंडात सॅलफर्डला गेले. पॉलिमरच्या दाट द्रावणांचं वाहणं त्यांनी तिथे अभ्यासलं. १९७६ साली एनसीएलचे तेव्हाचे संचालक डॉ. बा. द. टिळक यांनी बोलावलं आणि ते परत आले. १९८९ साली स्वतः संचालक झाले.

एनसीएल ही सरकारी प्रयोगशाळा. पण तिथे संशोधन करणाऱ्या मुलांना पदवी पुणे विद्यापीठाची मिळत असे. म्हणजे एकीकडे कारखान्याला उपयोगी पडेल असा पदार्थ शोधायचा आणि दुसरीकडे विद्यार्थी घडवायचा.

त्या गटात १९९३ साली आशीष लेले आले. तेही मूळ यूडीसीटीचेच. त्यांना २००६ साली भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली तेही एनसीएलचे संचालक झाले. माशेलकर-लेले यांच्याबरोबर काम केलेल्या श्यनी वर्गीस यांनी कापलेलं जेल पुन्हा सांधण्यावर संशोधन केलं. पुढे त्या अमेरिकेत गेल्या. २०१२ साली सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या त्यांच्या गटाने काही सेकंदांत आपोआप सांधणारं जेल करून दाखवलं.

भावे सरांना यातलं काय माहीत असणार? त्यांनी एका दुपारी फक्त एक भिंग धरलं होतं.

इथे मला माझं एक सांगायला हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खेड्यातून पायी येणारा एक मुलगा होता. दहावीला विज्ञानात उत्तम गुण. "बाई, सायन्सला जाऊ का?" असं विचारायला तो घरी आला. मी म्हटलं, "अरे, तिथे सगळं इंग्रजीतून. तुला झेपायचं नाही. आर्ट्स घे, डीएड कर, नोकरी लागेल." मी हे प्रेमानेच सांगितलं होतं. मीही मराठीतूनच बीए झालेली. इंग्रजीची जी धास्ती माझ्या मनात होती, तीच मी त्याच्या ओच्यात घातली.

काही वर्षांपूर्वी तो एसटी स्टँडवर भेटला. मास्तर झाला, संसार नीट आहे. वाकून नमस्कार केला. मी धीर करून विचारलं, "सायन्सला गेला असतास तर?" तो हसला. "बाई, तुमच्या शब्दाबाहेर कसा गेलो असतो?"

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तो सायन्सला गेला असता तर शास्त्रज्ञ झालाच असता, असं मी म्हणत नाही. मराठी माध्यमातून जाणाऱ्या प्रत्येकाचा माशेलकर होत नाही. पण संशोधकांचा गट मोठा कशाने झाला हे पाहायला गेलं, की पुरस्कारांच्या यादीमागे कुठेतरी एक शाळेतला वर्ग दिसतो आणि त्यात एक मास्तर. साखळी तिथून सुरू होते, आणि तुटायची असेल तर तीही तिथेच तुटते.

भाच्याची कलमं यंदाच्या उन्हाळ्यात तगली, तर त्यातलं किती श्रेय त्या दाण्यांचं आणि किती त्याच्या पाणी घालण्याचं, देव जाणे. मी मात्र त्यातले चार दाणे पुडीत बांधून ठेवले आहेत. शेजारची सहावीतली मुलगी सुट्टीत माझ्याकडे मराठी शिकायला येते. या खेपेला आधी पाण्याची वाटी मांडणार आहे.