चित्र आहे, आवाज नाही: मीडिया प्लेअरमधील बिघाडांचा इतिहास

संगणकावरचा व्हिडिओ बिघडल्याची लक्षणे गेल्या तीस वर्षांत फारशी बदललेली नाहीत. चित्र अडखळते, आवाज येत नाही, आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात, किंवा पडदा काळाच राहतो. बदलत गेले ते बिघाडाचे मूळ. सुरुवातीला ते यंत्राच्या वेगात होते, मग कोडेकमध्ये (चित्र-आवाज आक्रसण्याच्या आणि उलगडण्याच्या प्रणालीत), पुढे पेटंटच्या परवान्यात आणि आता हक्करक्षणाच्या यंत्रणेत. दुरुस्तीच्या रीतीही त्याच क्रमाने बदलल्या.

अ‍ॅपलने डिसेंबर १९९१मध्ये क्विकटाइम आणि मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२मध्ये व्हिडिओ फॉर विंडोज आणले, तेव्हा मुख्य अडचण वेगाची होती. त्या काळचा एकपट वेगाचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे १५० किलोबाइट माहिती वाचत असे. त्यामुळे व्हिडिओ बहुधा १६० बाय १२० बिंदूंच्या चिमुकल्या चौकटीत दिसे. चौकट वाढवली की मधली चित्रे गळू लागत. १९९३च्या व्हीसीडी मानकाने एमपीईजी-१ पद्धतीने तेवढ्याच वेगात पूर्ण पडद्याचे चित्र बसवले. मात्र ते उलगडणे साध्या प्रोसेसरला झेपत नसे, म्हणून आधी वेगळे कार्ड बसवावे लागे. पेंटियम प्रोसेसर आल्यावर ते काम सॉफ्टवेअर करू लागले.

मराठी नाटके आणि चित्रपट घरोघरी पोचवणाऱ्या व्हीसीडीचा ठरलेला बिघाड म्हणजे चित्रात उमटणारे चौकोनी ठोकळे. त्याचे कारण मानकातच होते. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २,०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूकदुरुस्तीची जादा सोय असते. व्हीसीडीने चित्र आणि आवाजाच्या सेक्टरमधून ती सोय काढून २,३२४ बाइट बसवले. त्यामुळे डेटा सीडीने पचवला असता असा ओरखडाही इथे पडद्यावर दिसे. यावर उपाय एवढाच होता: डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची आणि वाचता आली तर तिची फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची.

१९९९च्या सुमारास अडचणीने दुसरे वळण घेतले. मायक्रोसॉफ्टने आपले एमपीईजी-४ कोडेक एएसएफ या फाइलप्रकारापुरते मर्यादित ठेवले होते. फ्रेंच प्रोग्रामर जेरोम रोटा यांनी ते बंधन काढून टाकले आणि त्यातून डिव्हएक्स जन्मले. अख्खा चित्रपट एका सीडीवर मावू लागला. असे चित्रपट बहुधा एव्हीआय फाइलीत येत. पण एव्हीआय हे नाव फक्त डब्याचे असते. आत काय भरले आहे ते नावावरून कळत नाही. चित्र डिव्हएक्सने आणि आवाज एसी३ने आक्रसलेला असेल आणि संगणकावर फक्त पहिलेच कोडेक असेल, तर मूकपट दिसे. आवाज मागेपुढे होण्याचे एक कारणही एव्हीआयच्या घडणीत होते. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ आवाजासाठी ही रचना मुळात केलेलीच नव्हती.

मग आत कोणते कोडेक आहे हे सांगणारी जीस्पॉट, मीडियाइन्फो यांसारखी साधने रूढ झाली. त्याहून सोपा वाटणारा मार्ग अनेक कोडेक एकदम बसवणाऱ्या कोडेक पॅकचा होता. विंडोजच्या डायरेक्टशो यंत्रणेत फाइल उलगडणारा प्रत्येक फिल्टर आपला अग्रक्रम आकड्यात नोंदवतो आणि वरच्या क्रमांकाच्या फिल्टरला काम मिळते. दोन-तीन पॅक एकावर एक बसवले की फिल्टर एकमेकांचे काम हिसकावत आणि कालपर्यंत चालणारी फाइलही बंद पडे. अशा वेळी सगळे पॅक काढून एकच ठेवावे लागे. कोडेक बसवण्याच्या गरजेचा फायदा झ्लॉबसारख्या ट्रोजननी घेतला. व्हिडिओ पाहण्यासाठी आवश्यक कोडेक असल्याचे भासवून ते संगणकात शिरत.

या गोंधळातून सुटका झाली ती कोडेक प्लेअरच्या पोटातच ठेवल्यामुळे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून व्हीएलसी हा प्लेअर उभा राहिला आणि २००१मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. नेटवर्कवर माहितीचे तुकडे हरवणारच, हे धरून तो घडवला होता. म्हणून अर्धवट उतरलेल्या फाइलीही तो चालवून दाखवी. फाब्रिस बेलार्ड यांनी २०००मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेगच्या कोडेक-संग्रहाचा आधार त्याला आणि इतर अनेक प्लेअरना मिळाला.

तरीही काही दोष फाइलीतच राहिले. एव्हीआयची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. ती तुटली की चित्र चालते, पण पुढे-मागे सरकवता येत नाही. व्हीएलसी ती नव्याने बांधून देतो. एमपी४मध्ये हानी मोठी असते. चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपली की बहुधा मूव्ह नावाचा अनुक्रमणिकेचा भाग लिहायचा राहतो आणि सगळी माहिती जागेवर असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याची चांगली फाइल नमुना म्हणून दिली, तर काही साधने ती पुन्हा जोडू शकतात.

उच्च दर्जाच्या चित्राबरोबर वेगाचा प्रश्न परतला. २००३चे एच.२६४ आणि २०१३चे एचईव्हीसी या कोडेकांतले चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवले गेले. ड्रायव्हर जुना असला की हिरवा पडदा किंवा फाटलेले चित्र दिसू लागले. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहणे ही त्यावरची पहिली तपासणी ठरली, कारण तेवढ्याने चित्र सुधारले तर दोष फाइलीत नाही हे सिद्ध होते.

याच काळात पेटंटचा परवाना हे बिघाडाचे स्वतंत्र कारण बनले. भारतात मोबाइलवर घराघरात पोचलेल्या एमएक्स प्लेअरने परवान्यापायी डीटीएस आणि एसी३ हे ध्वनिप्रकार वगळले. प्रेक्षकांना आवाजासाठी वेगळी कोडेक फाइल शोधून बसवावी लागली. विंडोज १०मध्ये एचईव्हीसीचा विस्तार स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. परवान्यांच्या खर्चातून सुटण्यासाठी २०१५मध्ये अनेक कंपन्यांनी अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापन केली आणि २०१८मध्ये रॉयल्टीमुक्त एव्ही१ हे कोडेक जाहीर केले.

ऑनलाइन चित्रपटसेवांमुळे शेवटचा थर आला. वाइडव्हाइनसारखी हक्करक्षण यंत्रणा यंत्राची सुरक्षापातळी तपासते आणि ती कमी भरली तर अनेक सेवा धूसर चित्रच देतात. एचडीएमआय केबलच्या पलीकडचा पडदा एचडीसीपी ही नक्कल रोखणारी पद्धत मानत नसेल, तर चित्र काळे पडू शकते. इथे फाइल, कोडेक आणि वेग हे तिन्ही ठीक असतात. जुन्या बिघाडांत प्लेअरला चित्र दाखवता येत नव्हते. या बिघाडात ते न दाखवण्याचीच त्याला आज्ञा असते. म्हणून कोडेक बदलून किंवा फाइल दुरुस्त करून इथे उपयोग होत नाही. मान्यताप्राप्त यंत्र वापरणे एवढाच मार्ग उरतो.