मुरुडच्या वाळूवर

दापोली तालुक्यातले आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे हे किनारे सागरी रस्त्याने एका दिवसात निवांत पाहून होतात. हर्णैला समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो, बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. पण आम्ही जास्त रेंगाळलो ते मुरुडला. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर याच गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. ते डगमगले नाहीत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. गोदूबाईंनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिलं. बायांनो, सहलीला विधवा मैत्रिणीला आपण बरोबर नेतोच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणंही तिलाच धाडूया.