गेम डिझाइन शिकायचंय? पुस्तकं, मोफत साधनं आणि आपल्या अंगणातले धडे

मोबाइलवर गेम खेळणारी मुलं आता घरोघरी आहेत. त्यातलं एखादं मूल एक दिवस विचारतं, ‘हे बनवतात कसं?’ पालकांना वाटतं, कॉम्प्युटरचा क्लास लावला की झालं. पण कोडिंग आणि गेम डिझाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोडिंग म्हणजे यंत्राला सूचना देणं. गेम डिझाइन म्हणजे खेळाचे नियम ठरवणं. खेळणाऱ्याने काय करायचं, काय केल्यावर काय होईल, डाव कुठे अटीतटीचा व्हावा आणि कुठे संपावा, हे सगळं त्यात येतं. ते शिकण्यासाठी काय वाचावं, कोणती साधनं वापरावीत आणि कल्पना कुठून घ्याव्यात, याची ही माहिती. बेळगाव, गोवा, बडोदे, इंदूर, हैदराबाद, कुठेही असलात तरी उपयोगी पडेल अशी.

आधी एक सूत्र : नियम, खेळ, भावना

२००४ साली रॉबिन हुनिके, मार्क लेब्लांक आणि रॉबर्ट झुबेक या तिघांनी एक छोटा निबंध लिहिला. ‘एमडीए’ नावाने तो ओळखला जातो आणि इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतो. त्यांचं म्हणणं सोपं आहे. खेळाचे तीन थर असतात. तळाशी नियम. नियमांमुळे खेळताना जे घडतं, तो दुसरा थर. आणि त्यातून खेळणाऱ्याला जे वाटतं, म्हणजे भीती, चुरस, हुरूप, तो तिसरा. खेळणारा भावनेकडून खेळात शिरतो. बनवणाऱ्याच्या हातात मात्र फक्त नियम असतात. भावना थेट ओतता येत नाही, नियम बदलून ती आणावी लागते.

हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही खेळाकडे बघायची नजर बदलते. विटीदांडूच घ्या. विटी पडली तिथपर्यंतचं अंतर दांडूने मोजताना म्हणतात, ‘वकट, लेंड, मुंड, नाल...’ सातापर्यंत जायचं आणि पुन्हा वकटपासून सुरू. माप ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं : कधी विटी पायावर ठेवून, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर. तपशील गावोगावी वेगळे, पण युक्ती तीच. मोजणी हा एरवी कंटाळवाणा भाग, तोच इथे पुढच्या चालीची उत्सुकता बनतो.

आणि हे शब्द कुठले? तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. म्हणजे महाराष्ट्रातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू आकडे मोजत खेळत आली. खेळाला राज्याची हद्द नसते, हे आपल्या भागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

वाचायचं काय?

या विषयावरची मुख्य पुस्तकं इंग्रजीत आहेत. सगळी विकत घ्यायची गरज नाही. खालच्या क्रमाने गेलात तर झेपतील.

राफ कोस्टर यांचं ‘अ थिअरी ऑफ फन फॉर गेम डिझाइन’ आधी घ्या. पुस्तक लहान आहे, जवळजवळ प्रत्येक मजकुराशेजारी लेखकाने काढलेलं चित्र आहे. मुद्दा एकच : मजा म्हणजे शिकण्याचा आनंद. मेंदूला खेळातली मेख कळली की मजा संपते. फुली-गोळा मोठेपणी का खेळवत नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

ट्रेसी फुलरटन यांचं ‘गेम डिझाइन वर्कशॉप’ हे हात चालवायला लावणारं पुस्तक. आधी कागद, फासे आणि सोंगट्या घेऊन खेळ करा, दुसऱ्याला खेळायला द्या, तो कुठे अडतो ते गप्प बसून बघा, मग नियम दुरुस्त करा, अशी त्यांची रीत. कॉम्प्युटर नंतर.

जेसी शेल यांचं ‘द आर्ट ऑफ गेम डिझाइन’ २००८ साली आलं. जाडजूड आहे, पण सलग वाचायचं नाही. त्यात शंभराहून अधिक ‘भिंगं’ आहेत, म्हणजे आपल्या खेळाला विचारायचे प्रश्न. अडलात की एक भिंग उचला.

गेमबाहेरची दोन पुस्तकंही गेम बनवणारे आवर्जून वाचतात. स्कॉट मॅक्लाउड यांचं ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) दोन चौकटींमधली रिकामी जागा वाचकाचं मन कसं भरून काढतं ते दाखवतं. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) घर-गल्ली-गाव माणसाला राहावंसं का वाटतं ते २५३ नमुन्यांत मांडतं. विल राइट यांच्या ‘द सिम्स’ या गेममागे या पुस्तकाची प्रेरणा आहे.

मराठीत काय? गेम डिझाइनवर थेट फार नाही, पण खेळांच्या नियमांवर आहे, आणि भक्कम आहे. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून पुढे दहा खंडांत निघाला, तोही बडोद्याहून. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी केलेलं हे मोठं काम. तुमच्या गावच्या जुन्या मराठी वाचनालयात त्याचे खंड आहेत का, एकदा विचारून बघा. दुसरा आधार मराठी विश्वकोशाचा. तो इंटरनेटवर मोफत आहे आणि आट्यापाट्या, खो-खो यांसारख्या खेळांच्या नोंदी त्यात नियमांसह आहेत.

बनवायचं कशात?

* ट्विन : गोष्टीचे फाटे फुटणारे गेम करण्यासाठी. ब्राउझरमध्ये चालतं, मोफत आहे, कोडिंग जवळजवळ लागत नाही. मजकूर थेट देवनागरीत लिहिता येतो.
* स्क्रॅच : अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेलं, मुलांसाठीचं. सूचनांचे ठोकळे एकमेकांत अडकवायचे. शाळकरी मुलांनी इथूनच सुरुवात करावी.
* गोडो : पूर्ण ताकदीचं गेम इंजिन. मोफत आणि मुक्त स्रोत, गेम विकलात तरी कुणाला हिस्सा द्यावा लागत नाही. त्याची अँड्रॉइड आवृत्तीही आहे, त्यामुळे लॅपटॉप नसेल तर टॅबवरही शिकता येतं.

मराठीत गेम करणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. अनेक साधनांत जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. गोडोच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून अशा लिप्यांची मांडणी नीट होते. कुठलंही साधन निवडण्याआधी ‘क्षत्रिय’, ‘किल्ला’, ‘सुऱ्या’ हे तीन शब्द टाकून बघा. तिन्ही नीट दिसले तर पुढे जा. मुक्त परवान्याचे देवनागरी फाँटही मिळतात, उदाहरणार्थ मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’.

तयार गेम ठेवायला ‘इच डॉट आयओ’ ही जागा नवख्यांना सोयीची. ठरावीक वेळात गेम पूर्ण करण्याचे मेळे, म्हणजे ‘गेम जॅम’, तिथे सतत चालू असतात. व्याख्यानं ऐकायची तर यूट्यूबवर ‘जीडीसी’ या परिषदेची भाषणं आणि मार्क ब्राउन यांचं ‘गेम मेकर्स टूलकिट’ बघा. रीतसर शिक्षण हवं असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा, म्हणजे एनआयडीचा, डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईचं ‘डी-सोर्स’ हे डिझाइनचं मोफत अभ्यासदालनही उपयोगी आहे.

कल्पना येतात कुठून?

फक्त गेम खेळून गेम बनवणाऱ्याच्या हातून बहुतेक वेळा नक्कल होते. ज्यांची नावं आपण घेतो त्यांनी कल्पना बाहेरून आणल्या. ‘झेल्डा’ बनवणारे शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या रानात आणि गुहेत भटकत, ती भटकंती गेममध्ये उतरली. सातोशी ताजिरी यांना किडे गोळा करायचा नाद होता, त्यातून ‘पोकेमॉन’ आला.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) सीमाभागातल्या वाचकाने तर आवर्जून बघावा. विमानतळावर पासपोर्ट तपासणारा कर्मचारी दिवसभर नेमकं काय करतो, हे कुतूहल त्याच्या मुळाशी आहे. गेममध्ये तुम्ही एका काल्पनिक देशाच्या नाक्यावर कागद तपासता. रोज नियम बदलतात. जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि घरी बायको-पोरं थंडीत कुडकुडताहेत. समोर एखादी आई अपुरे कागद घेऊन उभी राहते, तेव्हा काय करायचं? या गेममध्ये सीमेवर भाषण कुणी देत नाही. शिक्का हातात दिला जातो, बस्स.

‘वेन्बा’ (२०२३) हा कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा गेम. आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीतला पुसलेला मजकूर जुळवत स्वयंपाक करायचा. भाषा पुढच्या पिढीत कशी निसटते, हे त्यात कुकरच्या आणि इडलीच्या निमित्ताने येतं. तीन-चार पिढ्या बडोद्यात किंवा इंदुरात असलेल्या मराठी घराला हे लगेच कळेल. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०), ज्याने पुराणकथा आणि भारतीय चित्रशैली जगभरच्या खेळणाऱ्यांपुढे नेली.

घराजवळचे चार धडे

गंजिफा : सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मेख पुढे आहे. पाच रंगांत दहाचा पत्ता मोठा, उरलेल्या पाचांत एकाचा. म्हणजे हातातला पत्ता वाचताना दर वेळी डोकं उलटं फिरवावं लागतं. शिवाय दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. खेळाबाहेरचा सूर्य नियमात आला! मोबाइलमधलं घड्याळ वापरून असं काय करता येईल?

मोक्षपट : सापशिडीचा हा आपला पूर्वज. परंपरेने त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. घरांमध्ये सद्गुण-दुर्गुणांची नावं, दुर्गुणाच्या घरात साप, सद्गुणाच्या घरात शिडी. खेळ इंग्लंडला गेला, पुढे शब्द गळाले आणि उरली ती नुसती शर्यत. असंच दुसरीकडेही झालं. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं, ते जमीनमालकी आणि भाड्यातला अन्याय दाखवायला. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या ‘मोनोपॉली’त तोच अन्याय जिंकायचं साधन झाला. आपण सुट्टीत खेळतो तो ‘व्यापार’ याच घराण्यातला.

किल्ला : शिवकालीन किल्ल्यांची गोमुखी दारं बुरुजांच्या वळणात दडलेली असतात. वाट वळत जाते, दार शेवटपर्यंत दिसत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही आणि वरून मारा होतो. गेममधला टप्पा आखणं म्हणजे हेच : कुठून काय दिसेल, काय लपेल. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाने याचा पहिला धडा गिरवलेलाच असतो. राजहंसगड किंवा पारगडला जाल तेव्हा वाटेचा नकाशा काढून आणा.

चित्रकथी : कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार सुट्या चित्रांवरून रामायण-महाभारत सांगतात. एका वेळी एक चित्र, पुढचं मागे झाकलेलं. किती दाखवायचं आणि किती राखून ठेवायचं, याचा वस्तुपाठ.

चारही उदाहरणांत एक गोष्ट ध्यानात घ्या. गंजिफाची चित्रं उचलून मोबाइलच्या पत्त्यांवर चिकटवली, तर तो फक्त वेष झाला. उलट्या क्रमाचा नियम घेतलात, तर तुम्ही खरंच काही शिकलात.

पहिल्या महिन्यात काय कराल?

पहिला आठवडा : घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना त्यांचा लहानपणचा एक खेळ विचारा. सारीपाट, सागरगोटे, काहीही. नियम वहीत असे लिहा की अनोळखी माणूस वाचून खेळू शकेल. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

दुसरा आठवडा : त्यातला एकच नियम बदला आणि चार जणांना खेळवा. काय बिघडलं, काय रंगलं ते टिपा.

तिसरा आठवडा : गेमबाहेरची एक गोष्ट घ्या. आठवडी बाजार, एसटीतली सीट, कीर्तन. त्यातला नियम शोधून कागदावर दहा मिनिटांचा खेळ करा.

चौथा आठवडा : तोच खेळ ट्विन किंवा स्क्रॅचमध्ये उतरवा आणि मित्राला पाठवा.

यातला पहिला आठवडा टाळू नका. सावंतवाडीत गंजिफा आजही सुंदर रंगवल्या जातात, लोक त्या भेट म्हणून नेतात, पण डाव मांडून बसणारी माणसं फार थोडी उरली आहेत. पत्ते काचेच्या कपाटात राहतात, नियम मात्र माणसाबरोबर जातात. आजीला सागरगोट्यांचे सगळे डाव आठवताहेत तोवर वही घेऊन बसा. गेम बनेल तेव्हा बनेल, खेळ तरी वाचेल.