पॅरिश कौन्सिलचा नित्य कारभार

इंग्लंडचा जो इतिहास आमच्या शाळांतून शिकविला जातो, तो बहुधा राजे, पार्लमेंट आणि लढाया यांचा असतो. मॅग्ना कार्टाचे साल विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते; पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद का झाला, याची कारणेही तो क्रमाने सांगतो. परंतु त्याच देशातील एखाद्या खेड्यात सार्वजनिक पंप बिघडला तर तो दुरुस्त कोणी करावयाचा, पायवाटेवर जमीनदाराने कुंपण घातले तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे, दफनभूमीतील गवत कोणाच्या खर्चाने कापावयाचे, हे प्रश्न त्यास कोणी विचारीत नाही. वस्तुतः सभेचे कामकाज, बहुमत, इतिवृत्त आणि जमाखर्च यांची सवय ज्या पाठशाळेत इंग्रज समाजास लागली, ती पाठशाळा वेस्टमिन्स्टरमध्ये जितकी होती तितकीच या खेड्यांतही होती, असे आमचे मत आहे.

पॅरिश म्हणजे मूळचे एका चर्चच्या धर्मोपदेशकाचे क्षेत्र. त्या क्षेत्रातील रहिवासी चर्चच्या ज्या खोलीत धर्मोपदेशकाची वस्त्रे ठेवीत त्या खोलीत जमत. त्या खोलीचे नाव व्हेस्ट्री, म्हणून सभेचेही नाव व्हेस्ट्री पडले. सोळाव्या शतकात ट्यूडर राजांनी या धार्मिक सभेच्या गळ्यात ऐहिक कामे एकामागून एक अडकविली. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती पॅरिशकडे आली, आणि प्रत्येक गावकऱ्याने वर्षातून चार दिवस, पुढे सहा दिवस, रस्त्यावर राबावे असे ठरले. ही वेठ १८३५ साली कायमची संपली. १६०१ च्या प्रसिद्ध कायद्याने दरिद्री लोकांच्या पोषणाचा भार पॅरिशवर पडला. त्यासाठी कर बसविणारे व वाटप करणारे ओव्हरसियर दरवर्षी नेमले जाऊ लागले. त्यांस वेतन नसे.

या काळाचे दप्तर मोठे वाचनीय आहे. ते एका मजबूत पेटीत ठेवावे आणि पेटीस तीन कुलुपे असावीत, एक किल्ली धर्मोपदेशकाकडे व दोन चर्चवॉर्डनांकडे, असा १६०३ च्या धर्मनियमांत दंडकच होता. तिघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडू नये, हा हेतू. चर्चवॉर्डनांच्या हिशेबात घंटेच्या दोराची किंमत, छपराच्या शिशाची किंमत यांच्या जोडीला कोल्हे, चिमण्या व हेजहॉग नावाचा लहानसा काटेरी प्राणी यांच्या डोक्यांबद्दल दिलेले इनामही सापडते. १५६६ च्या एका कायद्याने पिकांचा नाश करणाऱ्या जीवांची यादीच करून दिली होती. हेजहॉग निजलेल्या गाईचे दूध पितो असा समज होता, म्हणून त्या निरुपद्रवी प्राण्याच्या शिरावरही बक्षीस चढले. मात्र याच वह्यांत दुसऱ्याही नोंदी आहेत. १६६२ च्या कायद्यान्वये जो दरिद्री मनुष्य मूळचा आपल्या पॅरिशचा नव्हे त्यास परत पाठविण्याचा अधिकार गावास मिळाला होता. गरोदर, निराधार स्त्रीचे मूल आपल्या हद्दीत जन्मले तर त्याच्या पोषणाचा बोजा आपल्यावर येईल, या भीतीने तिला घाईघाईने शेजारच्या गावाच्या सीमेपलीकडे पोहोचविण्यासाठी गाडीभाडे दिल्याच्या नोंदी जेव्हा आपण वाचतो, तेव्हा ग्रामीण स्वायत्ततेविषयी भाबडे उद्गार काढण्याचे धाडस होत नाही.

एकोणिसाव्या शतकात व्हेस्ट्रीचे हातपाय एकेक करून गळाले. १८१८ च्या कायद्याने ज्याची मालमत्ता अधिक त्यास अधिक मते, अगदी सहापर्यंत, देण्यात आली. म्हणजे सभा नावाची सार्वजनिक, परंतु तीतील आवाज जमीनदाराचा. १८३४ साली दरिद्र्यांचे पोषण पॅरिशांच्या हातून काढून अनेक गावांच्या संयुक्त मंडळांकडे गेले. १८६८ साली चर्चसाठी सक्तीने कर घेणे बंद झाले. १८८८ साली परगण्यांस निवडलेली कौन्सिले मिळाली. १८८४ पासून पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देणाऱ्या शेतमजुरास स्वतःच्या गावात मात्र काडीचीही सत्ता नव्हती. ही विसंगती ग्लॅडस्टन यांच्या अखेरच्या मंत्रिमंडळाने दूर केली. हेन्री फाउलर या मंत्र्याने मांडलेला कायदा १८९४ च्या मार्चमध्ये संमत झाला व त्याच वर्षी डिसेंबरच्या ४ तारखेस गावोगाव पहिल्या सभा भरल्या. खेडूतांचे रंजनच करावयाचे तर पॅरिश कौन्सिलपेक्षा सर्कस बरी, अशा आशयाचा टोमणा लॉर्ड सॉल्सबरी यांनी या कल्पनेस मारला होता. टोमणा चुरचुरीत खरा. पण ज्याच्या घराण्याकडे शतकानुशतके गावेच्या गावे होती, त्याच्या तोंडी तो शोभला नाही.

कायद्याची घडण साधी होती. तीनशे किंवा अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला पाच ते पंधरा सभासदांची कौन्सिल. त्याहून लहान गावास सर्व मतदारांची सभा. धर्मोपदेशकाचा अध्यक्षपदाचा जन्मसिद्ध हक्क गेला; हवा असेल तर त्याने निवडून यावे. स्त्रियांस, विवाहित असो वा अविवाहित, मताचा व सभासदत्वाचा अधिकार मिळाला, आणि हा अधिकार पार्लमेंटच्या मताधिकाराच्या चोवीस वर्षे आधीचा आहे. मतदारांची सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करू नये, कारण मजूर त्याआधी शेतावरून सुटत नाही. दुसरी योग्य जागा मिळत असेल तर मद्यगृहात सभा भरवू नये. योग्य खोली नसेल तर सरकारी अनुदान घेणाऱ्या प्राथमिक शाळेची खोली विनामूल्य मिळावी. आम्हां शिक्षकांस या कलमाचे विशेष कौतुक वाटते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले शेतकरी, दुकानदार व मजूर दिव्याच्या उजेडात गावच्या गटाराविषयी ठराव करीत आहेत, हे चित्र त्या काळी शेकडो गावांत दिसले असले पाहिजे.

परंतु या कायद्यात दोन उणिवा होत्या, आणि त्या अनवधानाने राहिल्या असे म्हणवत नाही. पहिली मतदानाची. सभासदांची निवड सर्वांसमक्ष हात वर करून व्हावयाची. मतपत्रिकेची मागणी करता येत असे. परंतु ती मागणीदेखील भर सभेतच करावयाची. आता ज्या मजुराचे झोपडे मालकाचे, ज्याची चाकरी गेली की त्याच आठवड्यात बिऱ्हाड रस्त्यावर, त्याने तोच मालक समोरच्या बाकावर बसून पाहत असता त्याच्याविरुद्ध हात वर करावयाचा! पार्लमेंटच्या निवडणुकीत १८७२ पासून गुप्त मतदान होते. गावात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो आणि म्हणून गुप्ततेची गरज सर्वांत अधिक, तेथे ते नव्हते. तरीही १८९४ च्या त्या थंडीत कित्येक गावांत मजुरांनी आपली माणसे निवडून दिली. पहिल्या सभेत वर गेलेल्या त्या हातांची किंमत इतिहासाच्या पुस्तकांत नमूद होत नाही, पण आमच्या दृष्टीने ती एखाद्या मोठ्या सनदेहून कमी नाही. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाली.

दुसरी उणीव पैशाची. कौन्सिलने करपात्र उत्पन्नाच्या दर पौंडास तीन पेन्स, आणि मतदारांच्या सभेची संमती असल्यास सहा पेन्स, यापलीकडे खर्च करू नये, अशी मर्यादा होती. समजा एखाद्या गावाचे करपात्र मूल्य तीन हजार पौंड आहे. तर तीन पेन्सांच्या हिशेबाने वर्षाकाठी साडेसदतीस पौंड हाती येणार. त्यात दिवे लावावयाचे, दफनभूमी राखावयाची, विहीर साफ करावयाची! कौन्सिलने उधळपट्टी करू नये म्हणून ही व्यवस्था, असे तिचे समर्थक म्हणत. उधळण्यास मुळात काही असावे लागते.

या तुटपुंज्या साधनांनी जी कामे झाली त्यांत दोन आम्हांस महत्त्वाची वाटतात. एक, ॲलॉटमेंटांचे. मजुराने आपल्या घरापुरते बटाटे व भाजी पिकविण्यासाठी खंडाने घ्यावयाचा जमिनीचा तुकडा, तो ॲलॉटमेंट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुंपणाच्या कायद्यांनी गावची सामाईक राने खाजगी झाली, तेव्हा गाय चारण्याची व सरपण गोळा करण्याची जागा गरिबाने गमावली होती. तिची अल्पशी भरपाई या तुकड्यांनी व्हावयाची होती. मालक राजीखुशीने जमीन देत नसेल तर ती सक्तीने खंडाने घेण्याची वाट १८९४ च्या कायद्याने मोकळी केली, व १९०८ च्या कायद्याने ती अधिक रुंद झाली. वॉरिकशायरमधील टायसो गावच्या जोसेफ ॲशबी या शेतमजुराचे चरित्र त्याच्या कन्येने लिहून १९६१ साली प्रसिद्ध केले. या तुकड्यांसाठी गावकऱ्यांनी केलेली खटपट ज्यास समजून घ्यावयाची असेल त्याने ते अवश्य वाचावे.

दुसरे काम पायवाटांचे. शेतातून, कुरणातून, ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या या वाटांवर जनतेचा हक्क बहुधा वहिवाटीचा असतो, आणि वहिवाट बुडाली की तो हक्क सिद्ध करणे कठीण जाते. पॅरिश कौन्सिलच्या संमतीवाचून पायवाट बंद करता अथवा वळविता येऊ नये, असे १८९४ च्या कायद्यात होते. पुढे १९४९ च्या कायद्याने सर्व वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे ठरले, तेव्हा प्रत्यक्ष पाहणीचे काम बव्हंशी पॅरिश कौन्सिलांवरच आले. सभासदांनी व गावच्या जुन्या माणसांनी नकाशा हाती घेऊन वाटा तुडविल्या. कोठे फाटक, कोठे कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या, कोठे मोडका साकव, हे टिपून घेतले. ज्या गावाने हे काम निष्काळजीपणे केले त्याच्या वाटा नकाशावरून गळाल्या, आणि नातवंडांस त्या कज्जे करून सिद्ध कराव्या लागल्या.

स्त्री-सभासदांपैकी केंट परगण्यातील पेन्सहर्स्टच्या जेन एस्कोम्ब यांचा उल्लेख केलाच पाहिजे. गावात मजुरांस राहण्याजोगी घरे नाहीत, हा विषय त्यांनी धरून ठेवला आणि वर्षानुवर्षे अर्ज, चौकश्या व पाठपुरावा करून अखेर १९०० च्या सुमारास जिल्ह्याच्या कौन्सिलकडून काही घरे बांधवून घेतली. पॅरिश कौन्सिलला स्वतः घरे बांधण्याचा अधिकार नव्हता. वरच्या कचेरीस स्वस्थ बसू न देण्याचा होता.

१९२५ च्या कायद्याने ओव्हरसियरांचे पद नाहीसे झाले, १९५७ साली बसथांबे, बाके व सार्वजनिक घड्याळे उभारण्याचा अधिकार मिळाला. सभांस वार्ताहर व जनता यांस प्रवेश देणारा १९६० चा कायदा मार्गारेट थॅचर यांनी खाजगी सभासद म्हणून मांडलेला होता; त्यांचे पार्लमेंटमधील पहिले भाषण त्याच विषयावर झाले. १९७२ च्या कायद्याने १९७४ पासून ग्रामीण जिल्हे मोडले, पण इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिले टिकली, व आजमितीस त्यांची संख्या सुमारे दहा हजार आहे.

आज अशा कौन्सिलची सभा कशी चालते? तीन पूर्ण दिवस आधी गावच्या फलकावर विषयपत्रिका लागते. आरंभी गैरहजर सभासदांची कारणे नोंदवितात. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे; कौन्सिलने मंजूर केलेल्या कारणावाचून जो सहा महिने एकाही सभेस आला नाही त्याचे सभासदत्व जाते. मग कोणाचा कोणत्या विषयात स्वार्थ गुंतला आहे त्याचे निवेदन, मागील इतिवृत्त कायम करणे, गावकऱ्यांचे प्रश्न. नंतर मुख्य कामे: अमुक घराच्या वाढीव बांधकामाविषयी वरिष्ठ कौन्सिलला अभिप्राय कळविणे, मुलांच्या झोपाळ्यांची तपासणी, रस्त्यावर झुकलेली झाडी, बंद पडलेला दिवा, कुत्र्यांच्या मालकांचा निष्काळजीपणा, ॲलॉटमेंटसाठी थांबलेल्यांची यादी. शेवटी बिले. कौन्सिल स्वतः कर गोळा करीत नाही. वर्षास किती रक्कम लागेल ते बहुधा जानेवारीत ठरवून ती मागणी वरिष्ठ कौन्सिलकडे धाडते आणि ती रक्कम घरपट्टीबरोबर वसूल होते. सर्व दप्तर एका क्लार्ककडे. पुष्कळ ठिकाणी तो अथवा ती आठवड्यातून काही तासच वेतनावर काम करते व कचेरी म्हणजे तिच्या घरातील एक मेज. पण कायद्याचे ज्ञान सर्वांत अधिक तिलाच असते, आणि सभासद कितीही तावातावाने बोलले तरी ठराव कोणत्या कलमाखाली बसतो हे अखेर तीच सांगते.

या कारभाराची थट्टा करणे सोपे आहे, आणि इंग्रजांनी ती मनसोक्त केली आहे. जे. के. रोलिंग यांनी २०१२ साली जी कादंबरी लिहिली तिचे नावच पॅरिश कौन्सिलमध्ये मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी वापरल्या जाणाऱ्या कायदेशीर शब्दावरून घेतले आहे. थट्टेहून गंभीर गोष्ट अशी की, अनेक गावांत जागांइतकेच उमेदवार उभे राहतात, किंवा तितकेही राहत नाहीत. मग उरलेल्या जागा स्वीकृत सभासदांनी भराव्या लागतात. ज्या मतासाठी १८९४ साली मजुराने घर गमावण्याचा धोका पत्करला, ते मत देण्याची वेळच वर्षानुवर्षे येत नाही, हे आम्हांस या संस्थेचे खरे दुखणे वाटते.

आपल्याकडेही याच सुमारास हा प्रश्न चर्चिला जात होता. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात मराठी मुलखातील गावगाड्याची नोंद घेतली होती. गोखल्यांनी १९०८ साली विकेंद्रीकरण आयोगापुढे ग्रामपंचायतींचा पुरस्कार केला. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९२० साली झाला. त्या इतिहासास स्वतंत्र लेख हवा.

२०२० च्या साथीत कौन्सिलांना दूरस्थ सभा भरविण्याची तात्पुरती मुभा मिळाली. चेशायरमधील हँडफोर्थच्या अशाच एका सभेतील भांडणाचे चित्रण २०२१ च्या फेब्रुवारीत जगभर पाहिले गेले, आणि ज्यांनी पॅरिश कौन्सिल हे नावही ऐकले नव्हते ते तिच्या अध्यक्षाच्या अधिकारांवर वाद घालू लागले. मुभेची मुदत ७ मे २०२१ रोजी संपत होती. १९७२ च्या कायद्यातील ‘सभा’ या शब्दात दूरस्थ सभाही येते असा अर्थ लावावा, अशी मागणी उच्च न्यायालयापुढे झाली. न्यायालयाने ती अमान्य केली. सभा म्हणजे माणसांनी एका ठिकाणी प्रत्यक्ष जमणे, असा निर्णय झाला, आणि त्या महिन्यात सभासद पुन्हा आपापल्या गावच्या सभागृहात, खुर्च्या लांब लांब मांडून व खिडक्या उघड्या ठेवून, बसू लागले.